आवाज बंद असताना हललेली मान

परभणी,
२ फेब्रुवारी १९९४

प्रिय दैवशाला,

हे पत्र तू स्वतःच वाच. जावईबापूंना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगू नकोस. तू चौथीपर्यंतच शिकलीस, पण अक्षरं तुला चांगली लागतात. हवं तर दोन दिवस लागू देत. इथं सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीनं धरला होता, तो आता बरा आहे. पेडगावच्या रानात हरभरा घाट्यावर आलाय. तू गेल्यापासून मी तीनदा कागद पुढं घेतला आणि तीनदा देवापुढं ठेवून उठलो. आज लिहिल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

संक्रांतीला तू सुमीला घेऊन आलीस आणि त्याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी पक्की झाली. कुणी पेढे वाटत होतं, कुणी दारं लावून बसलं होतं. एसट्यांचा भरवसा राहिला नाही, म्हणून तू चार दिवस राहिलीस. पहिल्याच संध्याकाळी तू तुझ्या सासूबाईंचा निरोप सांगितलास. सुमी पहिलीत दुसऱ्यांदा बसली, गुरुजी म्हणतात पोरगी ठोंबी आहे, तर होळीनंतर तिला शाळेतून काढून शेळ्यांमागं धाडावं का, तुमचा विचार कळवा. मी ताटावर होतो. ‘काढा म्हणावं,’ मी म्हणालो. ‘दैवशाला नाही शिकली, तिचं काय अडलं?’ तू माझ्याकडं बघून मान हलवलीस. आता ताटावर बसलो की तीच मान समोर येते.

दिवाळीनंतर आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर आलाय आणि त्याच्यासोबत आवाजाच्या लहरी काढणारा नवा वेव्हफॉर्म जनरेटर, हे तुला त्या वेळी दाखवलंच. जुना जनरेटर मी वीस वर्षं हातानं चालवला. मोठी गोल चकती फिरवली की आवाज बारीक होत जायचा, उलट फिरवली की जाड. नव्याला बटणं नावालाच आहेत. मागून एक जाड केबल कॉम्प्युटरला जाते आणि सगळा हुकूम पडद्यावरून द्यायचा. लहर कोणती हवी, गोल, चौकोनी की करवतीच्या दात्यांची, ते निवडायचं. सेकंदाला किती कंप हवेत तो आकडा टाइप करायचा, किती जोर हवा तो टाइप करायचा. पुण्याहून आलेले रंगनाथ सर माझ्या अर्ध्या वयाचे, पण त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. मी वहीत वर श्री काढून एकेक पायरी मराठीत लिहून घेतली. एक चूक मात्र माझी सारखी व्हायची. पडद्यावर लहरीचं चित्र उमटलं की मला वाटायचं काम झालं. सर हसून म्हणायचे, “मामा, ते नुसतं चित्र हाय. नवा हुकूम गेला की हे यंत्र आपलं तोंड मिटून घेतं. आउटपुट चालू करा, तेव्हा कुठं बोलंल.” ही ओळ मी वहीत दोनदा लिहिली आणि तरी विसरत राहिलो.

किंक्रांतीच्या दिवशी कॉलेज बंद, किल्ली माझ्याकडं. तुझी आई म्हणाली, आज करीचा दिवस, नवं काही करू नये. मी म्हणालो, नवं कुठं, लेकीला बापाचं काम दाखवतोय. तुला न् सुमीला लॅबमध्ये नेलं, तुला स्टुलावर बसवलं, जुन्या रेडिओचा स्पीकर जोडला. दोनशे कंपांचा आवाज सोडला तशी तू दचकलीस, मग हसलीस. पाचशेला म्हणालीस, “लय गोड हाय ओ आप्पा, शंखावाणी.” तुझं तसं हसणं मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. मला हुरूप आला. मी दोन हजारांचा आकडा टाकला, पडद्यावर दाट लहर उमटली, आणि तुझ्याकडं वळून विचारलं, येतोय का? तू मान हलवलीस. “येतोय की.” मला काहीच ऐकू येत नव्हतं. पन्नाशीला आलो, माझेच कान गेले असं वाटलं. मग वहीवर नजर गेली. आउटपुट बंदच होतं.

मला आधी हसू आलं. वाटलं, बापाचं मन राखायला पोरगी हो म्हणतेय. मी आउटपुट चालू केलं. आवाज इतका टोचणारा होता की मी स्वतः कानावर हात नेला. तू तशीच बसली होतीस, माझ्या तोंडाकडं बघत. माझा हात कानाकडं गेलेला पाहून तूही तुझा हात कानाकडं नेलास.

त्यानंतर मी बराच वेळ यंत्राशी खाटखूट करत राहिलो, ते तुझ्याकडं पाठ राहावी म्हणून.

आता सगळं एकेक करून आठवतं. स आणि श तुझ्या बोलण्यात कधी नीट उमटले नाहीत, आम्ही कौतुकानं बोबडी म्हणत राहिलो. देवळात भजनाला तू मृदंगाला चिकटून बसायचीस आणि टाळांकडं ढुंकून बघायची नाहीस. मी लोकांना सांगायचो, पोरीला भक्तीची ओढ आहे. पोरी, तुला मृदंग तेवढाच ऐकू येत होता. चौथीत साहेब तपासणीला आले. ते फळ्याकडं तोंड करून प्रश्न विचारत होते आणि तू नुसती मान हलवत होतीस. गुरुजींनी मला बोलावून घेतलं, म्हणाले ऐकून न ऐकल्यासारखं करते. सगळ्या वर्गासमोर मी तुझा कान पिळला. रक्त आलं होतं. तू रडली नाहीस, मान हलवलीस. दुसऱ्या दिवसापासून मी तुला घरी बसवलं. गंगाखेडला गंगेत उभं राहून मी मागणं मागितलं, देवा, हिला समज दे. समज त्यानं भरपूर दिली होती. समोरच्याचं तोंड वाचून, माणसाला काय हवं ते ओळखून तू पंचवीस वर्षं निभावलंस. सासरी तुला कुणी काय हाक मारली असेल, मागून मारलेली हाक ऐकू आली नाही म्हणून काय काय सोसलं असशील, हे मी कधी विचारलं नाही. आणि तू सांगितलं नाहीस, कारण सगळ्यांना असंच ऐकू येतं असं तुला वाटत असणार.

स्टँडवर तुझ्या गाडीजवळ उभा होतो तेव्हा हे सगळं ओठांवर होतं. कंडक्टरनं घंटी दिली. मी तुझ्या हातात तिळगुळाचा डबा दिला आणि सांभाळून जा म्हणालो.

आता हे का लिहितोय ते सांगतो. त्या दिवशी लॅबमध्ये तू खिडकीशी उभी असताना मी सुमीला स्टुलावर बसवलं होतं, माझ्याकडं पाठ करून. जाड आवाजाला ती खुदकन हसून वळली. बारीक आवाजाला वळली नाही. मी जोर वाढवत गेलो, ती आपल्या फ्रॉकच्या दोऱ्याशी खेळत राहिली. मग मी समोर जाऊन विचारलं, आला का गं आवाज? तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तुझ्यासारखीच मान हलवली. परवा मी कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. ते म्हणाले, दोघींना घेऊन या, कानाला लावायचं यंत्र मिळतं, पहिल्या बाकावर समोर बसवलं तर पोरगी शिकेल. तुमच्या लेकीला लहानपणी कधी दाखवलं होतं का, असंही त्यांनी विचारलं. नाही, असं माझ्या तोंडानं सांगावं लागलं. तेव्हा ताटावर बसून मी जो शब्द दिला तो मी परत घेतोय. सुमीचं नाव शाळेतून काढू देऊ नकोस. ठोंबी म्हणून कुणी हात उगारला तर मध्ये उभी राहा. तुझ्या सासूबाईंना आणि गुरुजींना मी स्वतः सांगेन, चूक कुणाची होती तेही सांगेन. पुढच्या बुधवारी सकाळच्या गाडीनं मी राणीसावरगावला येतोय. दारातून हाक मारणार नाही. तुझ्यासमोर येऊन उभा राहीन, तुला माझं तोंड दिसेल असा, आणि मग बोलेन. तुला वाटेल ते मला बोल. फक्त, बाई, मान हलवू नकोस.

तुझाच,
आप्पा