कुऱ्हाडीच्या पाठीचे तीन ठोके

बाबा, काल पेणला जाऊन कटर मशीन घेतली. तुमची कुऱ्हाड अजून दारामागेच आहे, कुणी हलवली नाही, उगाच रागावू नका. पण आता झाड पाडायला कुऱ्हाड घेऊन गेलं तर लोक हसतात. तुमच्यामागे हे काम मीच चालवलं. भाऊ झाडावर, मी खाली दोर सांभाळायला. हे तुम्हाला ठाऊक नसेल. आजचं पाहता असेलही.

दुकानात तुमच्या लेकाचा जीव सगळ्यात लांब पात्याच्या मशीनवर. मी म्हटलं, ठेव ती खाली. पात्याचं टोक कशाला लागलं की मशीन उसळून तोंडावर येते, तेव्हा साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे, आधी ते बघ. दुकानदाराने एक हलकी पुढे केली. "ताई, घरच्या कामाला ही बरी." मी म्हटलं, "घरचं काम नाय हो. अष्टमी गावात आंबा पाडायचाय, दोन माणसांच्या कवेत मावत नाय असला. दिवसभर चालली पाहिजे, आणि सुटे भाग इथे पेणला मिळाले पाहिजेत." मग त्याने आतून खरी कामाची काढली. मधल्या मापाचं पातं, मुठींना स्प्रिंगा, म्हणजे हात बधिर होत नाहीत. मागच्या अंगणात एका ओंडक्यावर चालवून दाखवली, मग बंद केली. आणि त्या शांततेत ओंडक्यातून ठोके आले. दोन लगोलग, तिसरा जरा थांबून. भर दुपारी अंगावर काटा आला माझ्या. मी विचारलं, कोण ठोकतंय? दुकानदार हसला. "कोण नाय ताई. मशीन बसली तुमच्या कानात." भावाने काहीच ऐकलं नव्हतं. मी तीच मशीन घेतली.

तसं ठोकणारा या मुलखात एकच माणूस होता. तुम्ही घाव घालण्याआधी कुऱ्हाड उलटी धरायचात आणि तिच्या पाठीने बुंध्यावर तीनदा ठोकायचात. आत जो कोणी असेल, साप, पाखरू, आणखी कोण, त्याने निघून जावं म्हणून. दुसऱ्या माणसाने पलीकडून सालीला कान लावायचा. आवाज भरीव आला तर म्हणायचं 'व्हय', पोकळ आला तर 'नाय'. 'नाय' आलं की तुम्ही त्या झाडाला खालून हात लावत नव्हतात, मालक कितीही बोंबलला तरी. तो दुसरा माणूस मी. सासर सोडून आले होते, घरात बसून आईचं तोंड बघण्यापेक्षा हे बरं वाटायचं.

खांब गावचा तो दिवस. सकाळी चहा पिताना मी म्हणते, डोलवीला कंपनीत शिफ्टवर बायका घेतायत, मी जाते. आणि तुम्ही चार गडी बसलेले असताना म्हणता, "तुला धड झाडाला कान लावता येत नाय, कंपनीत काय करशील गो?" गडी हसतात. माझं डोकं असं फिरतं! दुपारपर्यंत मी तुमच्याशी बोलत नाही. मग तुम्ही ठोकता, दोन लगोलग, तिसरा थांबून, आणि पलीकडून विचारता, "काय गो?" मी म्हणते, "व्हय." झाड आतून पोकळ होतं. अर्ध्यावर फाटलं आणि बुंधा उसळून मागे आला. तुम्ही मागेच होतात.

आज अष्टमीला भाऊ आंब्याखाली नवी मशीन घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, थांब जरा, आणि पलीकडे जाऊन सालीला कान लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मशीन बंद, त्याचे दोन्ही हात तिच्यावर, कुऱ्हाड घरी. आणि ठोके आले. दोन. मग एक. आवाज असा की रिकाम्या पिंपात कोणी बसलंय. मी "नाय!" म्हणून किंचाळले. भाऊ वैतागला, "ठोकलंच नाय कुणी, तू नाय कुणाला म्हणतेस?" पण माझं तोंड बघून त्याने मशीन खाली ठेवली. मग दोर बांधून वरून तुकड्या-तुकड्याने उतरवलं. बुंधा आतून असा पोकळ की माणूस उभा राहील. भाऊ उभा होता त्या बाजूला, छातीएवढ्या उंचीवर, साल तीन ठिकाणी चेपली होती आणि ओला चीक गळत होता. तो म्हणाला, माकडं असतील. मी म्हटलं, असतील.

तुम्ही आलात ते लेकाला वाचवायला, की मला दाखवायला, ते मला कळत नाही. भीती वाटते बाबा, आणि बरंही वाटतं. हा कागद कुठे पाठवायचा नाही. मशीनच्या खोक्यात वॉरंटीखाली ठेवते, भाऊ काही वाचत नाही.

खांबला सगळे म्हणाले, पोरीचा कान फसला, तिचा काय दोष. आईसुद्धा जाईपर्यंत तेच म्हणत राहिली. कान फसला नव्हता. मी कान लावलाच नव्हता, बाबा. तुम्ही ठोकत होतात, आणि मी हाताची घडी घालून झाडापासून चार हात लांब उभी होते.