पहिलवानाची मान

५ फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाईस, आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या कारखान्यातलं मांजरांचं टॉनिक घातलं की आमचा बोका, पहिलवान, बशी चाटूनपुसून लख्ख करतो. तू एक चमचा म्हणालीस; मी वर्षभर दोन घालते. चांगल्या गोष्टीत कंजुषी कसली? शिवाय रोज कलेजी. हल्ली मात्र स्वारी ऐटीत असते. मान म्हणून वळवत नाही, अख्खं अंगच फिरवते. पाठ चाटणंही सोडलंय. आळशीपणात तुझ्यावर गेलाय!

पत्र टाक, नाहीतर येऊन कान धरीन.

आत्या

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न.

टॉनिक आणि कलेजी आजच बंद कर. ती ऐट नाही, मान आखडली आहे. कलेजीत अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. अंगात साठतं आणि मांजराच्या मानेचे मणके एकमेकांना चिकटतात. एक्स-रे काढून घे.

तुझ्या पत्रानंतर आमचं मिश्रण पुन्हा तपासलं. चवीसाठी कलेजीची भुकटी वाढवली, पण तिच्यातलं जीवनसत्त्व कुणी हिशेबात धरलंच नाही. वरून वेगळं घालायचं जीवनसत्त्व होतं तेवढंच राहिलं. मी कारखान्यातलं मिश्रणाचं यंत्र थांबवलं. मालक भडकले, म्हणाले, जीवनसत्त्व आहे, विष नव्हे! दुकानांतला मालही परत मागवा म्हटल्यावर सोमवारी राजीनामा आण म्हणाले. घाबरलेय गं. काय करू?

तुझ्या धीराची वाट पाहणारी,
भाची

१६ फेब्रुवारी

चि. वाघिणीस, आशीर्वाद.

एक्स-रे सोबत आहे. तीन मणके जुळलेत. डॉक्टर म्हणाले, दुखणं कमी होईल, मान मोकळी होणार नाही. मी रडले, मग संतापले, मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि ताठ बसले.

जन्मभर मी चौकाचौकांत भाषणं ठोकली, टाळ्या घेतल्या. एकही यंत्र थांबवलं नाही. तू आवाज न चढवता थांबवलंस! घाबरलीस तर घाबरलीस, बटण दाबलंस ना? मुक्या जिवाला बशीत काय आहे ते विचारता येत नाही. ते विचारणं हीच तुझी नोकरी. राजीनामा देऊ नकोस. हिंमत असेल तर त्यांनी काढावं. हा एक्स-रेचा फोटो त्यांच्यापुढे ठेव.

तुझा अभिमान मिरवणारी,
आत्या

२३ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न.

मालकांनी फोटो खिडकीशी धरला. मग स्वतः दुकानदारांना फोन लावत बसले. माल परत येतो आहे. माझ्याशी अजून अबोला आहे. पण आज नव्या मिश्रणाचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि माझं वाचून होईपर्यंत उभे राहिले.

अशीच पाठीशी राहा.

भाची