अध्यक्षांचे मनोगत

हुणसूर
१८ ऑगस्ट २०२४

चि. विश्वजीत यास, आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि चकल्यांची पिशवी म्हैसूर बसच्या कंडक्टरने आणून दिली. चकल्या निम्म्या मऊ निघाल्या, त्यात कंडक्टरचा दोष नाही. पत्र मात्र चार ओळींचं, आणि त्यातही कन्नड शब्द पेरलेले. फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून आपलं पत्राचं ठरलंय ना? मग पोटभर लिहावं. तुझ्या आजोबांचं पत्र आलं की आम्ही ते दोन दिवस पुरवून वाचायचो.

आता मुद्द्याचं. भव्याशी लग्न करायचं तुझ्या मनात आहे, आणि तिच्या बापाला, म्हणजे मालोजीला, त्याचा पत्ता नाही. उलट तू त्याच्या कल्याणमंटपाची, म्हणजे त्या लग्नाच्या हॉलची, वेबसाइट फुकटात करून देतोयस. मुलीला मागणी घालायला शब्द लागतात बाबा, वेबसाइट लागत नाही.

मालोजीला मी ओळखून आहे. म्हैसूरला मंडी मोहल्ल्यात आमची घरं समोरासमोर होती. तो बोलायला उभा राहिला की पंगतीतला भात निवतो. आपल्या मराठी समाजाचा अध्यक्ष झाल्यापासून बारशालासुद्धा माईक मागतो. पण त्याला हसू नकोस. लहानपणी तो फार अडखळायचा. स्वतःचं नाव सांगताना ‘मा’वर अडकायचा आणि गल्लीतली पोरं उरलेलं नाव ओरडून पुरं करायची. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. दळण घेऊन निघाले की त्याला बरोबर न्यायची. गिरणीच्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, आणि तिथं हा घडाघडा बोलायचा. मी डबा धरून नुसती मान हलवायची. असा तो सुधारला. म्हणून आजही माईकवर ओरडतो. गिरणी कधीच बंद झाली, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

मुलगी गुणाची आहे. तिला मागायची तर आधी बापाचं भाषण शेवटपर्यंत ऐकायची तयारी ठेव. आणि हे तुझ्या-माझ्यातच ठेव.

कळावे. लोभ आहेच, तो तुझ्या पत्राच्या लांबीतही दिसू दे.

तुझी,
गिरिजाआत्या

—

म्हैसूर
२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यांस, विश्वजीतचा शि. सा. न. वि. वि.

आज लांब पत्र. चकल्या पुढच्या वेळी डब्यात भरून पाठवतो.

तुम्ही मागे विचारलं होतं की मी दिवसभर नक्की काय करतो. आत्या, लोकांना पानावर जेवढं भरायचं असतं, त्यातलं निम्मं त्यांना न दुखवता काढून टाकणं, हे माझं काम. रिकामी जागा ठेवली की मालोजीराव म्हणतात, इथं काहीच नाही, पैसे कमी पडले काय. मी म्हणतो, जागा सोडली तर डोळ्याला श्वास घेता येतो. ते म्हणतात, श्वास घरी घेतील. त्यांना पानावर एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चालत जाणारा दसऱ्याचा हत्ती हवा होता. मी समजूत घालून त्याला एका कोपऱ्यात उभा केलाय. बसवायचा प्रयत्न चालू आहे. पाच वर्षांपूर्वी मी अशा गोष्टींवर भांडायचो. आता कळतंय की हत्ती त्यांचा आहे, आपण फक्त त्याला चांगली जागा बघून द्यायची.

‘अध्यक्षांचे मनोगत’ हे पान बाकी आहे. कन्नडमधलं त्यांनी स्वतः लिहून दिलं, ते खाली ओढता ओढता अंगठा दुखतो. मराठीतलं कुणाकडून तरी लिहून घेऊन आज देतो, उद्या देतो असं चाललंय. इंग्रजी पान रिकामं असलं तर भरायला तयार निरर्थक मजकूर मिळतो. मराठीचं तसं जमत नाही. वेलांटी वर जाते, उकार खाली लोंबतो, वरच्या ओळीचे पाय खालच्या ओळीच्या डोक्याला लागतात. खरं मराठी ओतून बघितल्याशिवाय ओळी किती अंतरावर ठेवायच्या ते समजत नाही. आणि माझ्याकडे खरं मराठी म्हणजे तुमची पत्रं. म्हणून तुमचं मागचं पत्र, वरचा मायना आणि ‘कळावे’पासून खालचं सोडून, टाइप केलं आणि त्यांच्या फोटोखाली ठेवलं. फार सुंदर दिसतंय. काळजी नको, सुम्ने, उगीच आपलं तात्पुरतं आहे.

भव्याचं अजून बोललो नाही. गणपतीला वेबसाइट सुरू झाली की ते खुशीत असतील, तेव्हा बोलेन.

कळावे. चकली मऊ पडली तरी लोभ मऊ पडू देऊ नये.

आपला,
विश्वजीत

—

म्हैसूर
१६ सप्टेंबर २०२४

ती. आत्यांस, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचा. पाणी जवळ ठेवा.

गणपतीच्या दिवशी मालोजीरावांनी मुहूर्त काढला आणि माझ्या डोक्यावर उभे राहिले. एक हात हत्तीवर, एक हात घड्याळावर. मी गडबडीत सगळी पानं एकदम सुरू केली. मराठी पान राहून गेलं. म्हणजे राहून गेलं नाही, गेलंच. त्यांच्या फोटोखाली, त्यांचं मनोगत म्हणून, तुमचं पत्र. भव्याचं, भात निवतो, ‘मा’वर अडकायचा, गिरणी, सगळं. शेवटी ‘हे तुझ्या-माझ्यातच ठेव’ हेसुद्धा. आणि त्यांनी ते समाजाच्या सगळ्या ग्रुपांवर स्वतःच्या हातानं पाठवलं.

मला दोन दिवसांनी कळलं, तोवर कौतुकाचा पूर आला होता. आपल्यात मराठी बोलतात सगळे, वाचतात मोजके, हे तुम्हाला माहीत आहेच. मालोजीरावांना स्वतःला देवनागरी येत नाही. लोकांनी फोटो बघितला, खाली पुष्कळ मजकूर बघितला आणि हात जोडले. ग्रुपमधल्या अंबाजीरावांनी लिहिलं, अगदी माझ्या मनातलं बोललात. एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. एकानं नुसता फोटो बघून भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली, मग त्याच्याखाली आणखी सात-आठ जणांनी तेच लिहिलं. मालोजीरावांनी त्यांचेही आभार मानले. ऑनलाइन माणूस आधी हात जोडतो आणि मग वाचतो, आणि बहुतेक वेळा दुसरं करायचं राहून जातं. मीही तसाच आहे. शाळेतल्या एका मित्राला मुलगी झाली, तेव्हा मी ‘सुपर मगा’, म्हणजे ‘भारी रे’, एवढं लिहून पुढं गेलो. फोन केला नाही.

मी मजकूर काढतो म्हणून सांगायला गेलो. मालोजीराव म्हणाले, एक अक्षर हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याचा भला मोठा फ्लेक्स करून मंटपाच्या दारात लावला. वेबसाइटवर चूक पुसता येते आत्या, फ्लेक्सवर नाही. शिवाय विजयादशमीला समाजापुढं ते मनोगत वाचायचं आहे. मी वाचायचं आहे. माईकवर.

भव्या गणपती झाल्यापासून माझा फोन घेत नाही. तिला देवनागरी येते.

लोभ उरला असल्यास असावा.

अपराधी,
विश्वजीत

—

हुणसूर
२० सप्टेंबर २०२४

चि. विश्वजीत यास, आशीर्वाद. उत्तम की कसे ते नंतर बघू.

मोठ्या शाळेत शिकलास, कॉम्प्युटर शिकलास, आणि आत्याचं पत्र नेऊन चव्हाट्यावर टांगलंस. वर सुंदर दिसतंय म्हणतोस. माझं अक्षर तू निदान टाइप तरी केलंस, नाहीतर तेही लोकांनी ओळखलं असतं.

मला माझी लाज वाटत नाही. म्हातारीला कोण काय म्हणणार? मला मालोजीचं वाईट वाटतं. ती गोष्ट त्यानं जन्मभर लपवली. त्याच्या बायकोलाही त्यानं सांगितली असेल असं मला वाटत नाही. मी तुला सांगितली ती तू त्याला हसू नयेस म्हणून, आणि तू ती हत्तीच्या शेजारी लावलीस.

आता युक्त्या लढवू नकोस. वाचताना दोन वाक्यं गाळीन, माईक बिघडवीन, असलं काही मनात असेल तर काढून टाक. उठून त्याच्याकडे जा आणि त्या पानावर काय लिहिलंय ते त्याला सांग. चार लोकांत कळण्याआधी त्याला एकट्याला कळू दे. त्यानं मुलगी दिली नाही तर नाही. मला वाईट वाटेल, तुला तर वाटेलच. पण फसवून आणलेल्या सुनेच्या हातचा चहा मला गोड लागणार नाही.

लोभ सध्या खुंटीला टांगून ठेवलाय. सांगून आलास की काढून घेईन.

गिरिजाआत्या

—

म्हैसूर
१ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यांस, शि. सा. न. वि. वि.

सांगून आलो.

मंटपातल्या ऑफिसात ते एकटेच होते. मी पान उघडलं आणि पहिल्या शब्दापासून वाचून दाखवलं. भाताचं वाचताना मी दोनदा अडखळलो. गिरणीचं वाचलं तेव्हा ते खिडकीतून फ्लेक्सकडे बघत होते. शेवटचं वाक्य वाचलं, आणि मग भव्याचं पत्रात होतंच, तरी ते माझ्या तोंडानंही सांगून टाकलं. सगळं एकदमच जाऊ दे म्हटलं.

आत्या, मालोजीराव, आणि एकच वाक्य. एवढंच म्हणाले की गिरिजाक्कांना मीच लिहीन. मी नमस्कार करून निघालो. आता ते तुम्हाला काय लिहितील या विचारात आहे. सकाळपासून वेबसाइटवरच्या एकाच बटणाचा रंग बदलत बसलोय.

भव्यावर माझा फार जीव आहे. हे कन्नडमध्ये मला नीट सांगता येतं, मराठीत तुम्हीच समजून घ्या.

खुंटीवरचा लोभ काढला असेल तर पुढच्या बसनं पाठवावा.

आपला,
विश्वजीत

—

म्हैसूर
४ ऑक्टोबर २०२४

ती. गिरिजाक्का यांस, मालोजीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगतोय आणि भव्या लिहितेय. मी थांबत नाही म्हणून ती मध्ये मध्ये पेन खाली ठेवते. तुम्ही राग मानू नका.

तुमचा भाचा घाबरून मला सांगायला आला. मी त्याला सांगितलं नाही की मला गणपतीच्या संध्याकाळीच सगळं ठाऊक झालं होतं. भव्यानं वाचून दाखवलं. अक्का, मला इतका राग आला की मी जेवलो नाही. आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, हिलासुद्धा नाही. ही शेजारी बसून ऐकत होती. रडली, आणि म्हणाली, म्हणून तुम्ही झोपेत ओरडून बोलता होय. दुसऱ्या दिवशी भव्याला सांगणार होतो की त्या मुलाला फोन कर आणि पान काढायला लाव.

तेवढ्यात बोगादीहून एक बाई मंटपात आल्या. मला वाटलं हॉलसाठी. त्यांची मुलगी सातवीत आहे, अडखळते, शाळेत बोलतच नाही. त्यांनी मनोगत शेवटपर्यंत वाचलं होतं. त्यांनी माझ्याकडे काय मागितलं असेल? गिरणीचा पत्ता. अक्का, मी गेली बारा वर्षं अध्यक्ष आहे. माझं भाषण ऐकून आजवर कुणी मला काही विचारायला आलं नव्हतं. त्या दिवशी फ्लेक्स करायला सांगितला. आता शनिवारी ती मुलगी मंटपात येते. आम्ही जनरेटर चालू करतो आणि ती मला धडा वाचून दाखवते. मी नुसती मान हलवतो. तुमच्यासारखी जमत नाही, पण येईल.

तुमच्या भाच्याला मात्र मुद्दाम जरा तळू दिलं. भव्यालाही फोन घेऊ नको म्हटलं. तो आपणहून येऊन सांगतो का, ते मला बघायचं होतं. आला. अडखळला तरी एक वाक्य गाळलं नाही. मुलगी दिली. (बाबा, हे मला विचारून लिहायला सांगावं. असो, माझी हरकत नाही. भव्या.)

तुम्ही लिहिलं ते खरं आहे, गिरणी बंद झाली हे मला कुणी सांगितलं नाही. आता कळलं. दसऱ्याला हळू बोलणार आहे. मनोगत विश्वजीत वाचेल, मी फक्त ते कुणाचं आहे एवढं सांगेन.

पण लग्नात मला बोलावं लागेल, आणि मुलीचं लग्न म्हणजे मी पुन्हा ‘मा’वर अडकणार हे मला आत्ताच दिसतंय. विश्वजीत म्हणतो तुम्हाला हल्ली काहीच ऐकू येत नाही. फार बरं झालं. गिरणीत तरी कुठं येत होतं? पहिल्या रांगेत माझ्यासमोर बसा आणि मान हलवा.

लोभ गिरणीत होता तसाच असावा. येताना दळणाचा डबा आणा.

आपला,
मालोजी