दुर्गाबाईचा इंग्रजीचा पेपर

अमरावती,
२० ऑगस्ट २०२३

चि. साधनास, बाबांचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि तू एका दमात बोलतेस, म्हणून हे पत्र. तुझ्या शेजारच्या दुर्गाबाईला वारलेल्या नवऱ्याच्या जागी कॉलेजात शिपायाची नोकरी मिळायला दहावी हवी आणि ती इंग्रजीतच अडकते, एवढं कळलं.

दोष तिचा नाही. ब्लड, गुड, फूड, तिन्हींत दोन ओ आणि उच्चार तीन. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण याचं उत्तर कुणा पोराला देता आलं नाही. माझ्या पद्धतीत प्रत्येक स्वराला एकच खूण आहे. ब्लड बी-एल-ए-डी, गुड जी-यू-डी, फूडला दोन यू. तिला हेच शिकव. वाचायला लागली की जुनं स्पेलिंग मागून येईल. तुझी आई म्हणते, नोकरी सुटली पण मास्तरकी सुटत नाही. म्हणू दे.

जावईबापूंना जयभीम. पत्राला आळस करू नकोस.
तुझा, बाबा

अकोला,
९ जानेवारी २०२४

ती. बाबांना साधनाचा सविनय जयभीम. वि. वि.

दुर्गाबाई वाचते, बाबा. मेसमधल्या पोळ्या लाटून येते, हाताला पीठ तसंच असतं. परवा अख्खं पान वाचून झालं आणि माझ्याकडे बघत राहिली, जणू दुसरंच कुणी वाचलं.

पण परीक्षा मार्चमध्ये आहे. मी जुनं स्पेलिंग काढलं की ती गोंधळते. जे बोलत नाही ते लिहायचं काहून, असं विचारते. जूनमध्ये तिला पंचेचाळीस पूर्ण होतात, मग ती जागा गेली. आजपासून फक्त जुनंच शिकवू का? तुम्ही हो म्हणाल तरच. तुमचं स्पेलिंग परीक्षेत चालवून घ्या म्हणून तुम्ही बोर्डाला लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं का?

आईचे गुडघे कसे आहेत? तुमच्या मायेची,
साधना

अमरावती,
१६ जानेवारी २०२४

चि. साधनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आता पाया उकरू नकोस. बोर्डाचं उत्तर नाही, पण नकारही नाही. पेपर तपासणारा माणूसच असतो. मोठ्याने वाचलं तर त्याला अर्थ लागेलच. शेवटचे पंधरा दिवस जुन्या स्पेलिंगला पुष्कळ झाले. माझ्यावर भरवसा ठेव.

आईचे गुडघे थंडीने धरलेत. तब्येतीला जप.
बाबा

अकोला,
३ जून २०२४

ती. बाबांना जयभीम.

बाकी सगळ्या विषयांत पास. इंग्रजीत अकरा. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. तिने निबंध नवऱ्यावर लिहिला आहे. त्याला ब्लड कॅन्सर कसा झाला, नागपूरला कसं नेलं. मी मोठ्याने वाचला. वाक्य एकही चुकलेलं नाही, बाबा. आणि प्रत्येक ओळीखाली लाल रेघ आहे.

फेरपरीक्षा जुलैत. तोवर तिचं वय उलटलेलं असेल. प्रत माझ्याकडेच ठेवून ती मेसमध्ये पोळ्या लाटायला गेली.
साधना

अमरावती,
१२ जून २०२४

चि. साधनास आशीर्वाद.

काल अकोल्याला येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही. तोंड दाखवावंसं वाटलं नाही.

दुर्गाबाईने खुर्ची पुसून दिली, चहा केला. मी म्हणालो, मी अकोल्यातच राहतो, जुनं स्पेलिंग मुळापासून शिकवतो. ही नोकरी नाही तर दुसरी बघू. ती हात जोडून नको म्हणाली. दुकानांच्या, बसच्या इंग्रजी पाट्या पहिले नुसत्या पाहून ओळखू यायच्या, आता अक्षर लावायला जाते तर सगळ्याच चुकीच्या लिहिलेल्या दिसतात, असं सांगत होती.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, बाई, पाट्या चुकीच्याच आहेत.

ती म्हणाली, "असतीन सर. पन नापास तं मीच झाली."

बस मिळेपर्यंत स्टँडवर बसून होतो. तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. माझ्यावरची माया उरली असेल तेवढी राहू दे.
बाबा