शुक्रवारी गाळा बंद असतो

मंगळवार, दुपार

प्रिय मनालीताई,

धर्मादादा हे पत्र देईल तेव्हा त्याच्यावर डाफरू नको. मीच त्याला सांगितलंय, ताईने पत्र घेतलं नाही तर कामणच्या त्या गोडाऊनच्या गेटवर टेम्पो आडवा लावून उभा राहा. तो म्हणाला, "उन्नती, हे सगळं तू एका दमात बोललीस? थांब, परत बोल, रेकॉर्ड करतो." बोलू दे त्याला काय बोलायचं ते. तुझा फोन अठरा दिवस बंद आहे. तू राहतेस त्या मावशीच्या फोनवर मी दोनदा केला, पण मावशी नुसतं हॅलो हॅलो करत राहिली आणि माझा आवाजच फुटेना. म्हणून लिहितेय. नववीत शाळा सोडलेल्या पोरीचं पत्र आहे, चुका काढत बसू नको. आणि अर्धं वाचून ठेवू नको. तुला ती सवय आहे, त्याबद्दल पुढे बोलणारच आहे मी.

घरचं सांगते. बाबा सगळ्यांना सांगत फिरतायत, देवानेच कौल दिला, पोरीने चीनला जायचं नाय. मावशीने कळवलं की तू गोडाऊनला गेटवर बसतेस आणि येणाऱ्या गाड्यांचे नंबर कॉम्प्युटरवर टाकतेस, तेव्हापासून तर बाबा खूशच आहेत. घराजवळ आहे, सावलीत आहे, असं म्हणतात.  आईला फक्त तुझ्या बरण्या हव्यात, लोणच्यासाठी. त्याच गं, तू आपल्या खाडीकाठच्या खाजणातल्या शेतातनं चिखल आणून भरल्यास आणि त्यावर चिठ्ठ्या लावल्यास त्या. बांध फुटला त्या वर्षीची, त्याच्या पुढच्या वर्षीची, खाडीकडच्या कोपऱ्यातली, अशा अकरा बरण्या. काल आई त्या धुवायला घेऊन बसली होती. मी तिच्या हातातनं काढून घेतल्या. माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवल्या. आता माझ्या ड्रेसना खाडीचा वास येतो. येऊ दे.

ताई, तुला आठवतं ना, मी शाळा का सोडली? बाकी सगळ्यांना वाटतं माझं डोकं चालत नव्हतं. इंग्लिशचे सर धडा वाचायला उभं करायचे आणि माझं तोंडच उघडायचं नाही. शब्द मला यायचे. दिसायचे पण. नुसते बाहेर यायचे नाहीत. मग मागच्या बाकावरून पोरं "स्टॅच्यू, स्टॅच्यू" ओरडायची आणि सर म्हणायचे, "बस, आमचा पुतळा बसला तरी चालेल." एक दिवस मी बसलेच नाही, दप्तर उचललं आणि घरी आले. तू कॉलेजातनं आलीस, दप्तर बघितलंस आणि तडक शाळेत जाऊन सरांशी भांडलीस. मी गेले नाही ते नाहीच, पण तू भांडलीस हे मी विसरले नाही. आता माझी पाळी आहे.

आणि मग तू मलाच परीक्षक केलंस! चीनच्या त्या लियू सरांचा मेल आला होता की खाऱ्या जमिनीतल्या भातावरचं तुझं काम त्यांना आवडलं, पीएचडीला घेतो, फक्त विद्यापीठाला इंग्रजीच्या टेस्टचे मार्क लागतात, कमीत कमी एकशे दहा. एमएस्सी इंग्रजीतून केली असं कॉलेजचं पत्र पाठवलंस, ते त्यांना चाललं नाही. टेस्टच पाहिजे म्हणाले. मग आपण स्वयंपाकघरात बसायचो. तू चित्र बघून बोलायचीस आणि मी समोर मोबाईलचं घड्याळ लावून बसायचे. म्हणायचीस, "तू बेस्ट परीक्षक आहेस, मध्ये बोलतच नाहीस." मी बटण दाबलं की तू लगेच सुरू. एकदाही थांबली नाहीस. चीनमधले लोक चायनीज बोलतात मग इंग्रजी कशाला, असं बाबांनी विचारलं तेव्हा तू त्यांना पण इंग्रजीतच उत्तर दिलंस आणि बाबा पाणी प्यायला निघून गेले. किती हसलो होतो आपण.

त्या दिवसाचं आता लिहायलाच हवं. घरी बसून द्यायची ऑनलाइन टेस्ट. कॅमेरा चालू, कान दिसले पाहिजेत म्हणून केस मागे, नजर स्क्रीनवरच, आणि खोलीत दुसरं कोणी नको. एक तास खोलीत कोणी नको! हा नियम ज्याने केला त्याला आपल्या घरी आणून बसवायला पाहिजे. आपल्या आतल्या खोलीला दारच नाही, पडदा आहे. तू पडद्याला सेफ्टीपिना लावल्यास, बाबांना शेतावर पाठवलंस, आईला देवळात. आणि शेजारच्या बायजाकाकी सकाळपासून वाटी घेऊन तयार. कोणाचं काहीही असो, त्यांचं दही-साखर हातावर पडल्याशिवाय वाडीतला माणूस हलत नाही. धर्मादादाचा टेम्पो पासिंगला नेला तेव्हा त्यांनी बोनेटला पण दही लावलं होतं आणि गाडी पास झाली होती, हे त्या अजून सांगतात. पण तू घाईत होतीस, बसलीस ती बसलीसच, दही राहिलं. मग टेस्टच्या मध्येच पडद्याआडून एक हात आला, तुझा डावा हात मांडीवर होता त्यावर दही-साखर ठेवली आणि गेला. तू मान वळवली नाहीस. कशी वळवणार, नजर हलवली तर तेही चालत नाही. तशीच दही घेऊन बसलीस आणि टेस्ट पूर्ण केलीस. दोन दिवसांनी मेल आला की निकाल देता येत नाही, खोलीत दुसरी व्यक्ती होती.

त्यानंतर तू काकींना जे बोललीस ते मला अजून ऐकू येतं. त्या ओट्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "मीच दिलं गो. मना वाटलं, पोरीचं राहिलं." आणि तू म्हणालीस, "तुमच्यासारख्या अडाण्यांमुळे आमचं काही होत नाही." त्या वाटी घेऊन निघून गेल्या. आईने पाणी दिलं ते पण घेतलं नाही. तेव्हापासून त्या आपल्या ओट्यावर आल्या नाहीत. अठरा दिवस. गेल्या आठवड्यात आत्याच्या जितेशची दहावीची परीक्षा सुरू झाली, तो त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला तर त्या म्हणाल्या, "जा रे बाबा, माझ्या दह्याला गुन नाय आता." ताई, अडाणी मी पण आहे. तू बोललीस तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते.

आता ऐक, अडाणी पोरीने काय काय केलंय. लॅपटॉप तू रागात इथेच टाकून गेलीस. तो मेल मी वाचला. तीन संध्याकाळी लागल्या, एकेक शब्द मोबाईलमध्ये शोधून. तू पहिल्या चार ओळी वाचून लॅपटॉप आपटलास. त्याच्या खाली अजून सात ओळी आहेत, बाई! शेवटी लिहिलंय की हीच टेस्ट पुन्हा देता येईल. दोन दिवसांत निकाल मिळतो. विद्यापीठाची मुदत एकतीस मार्च आहे. लियू सरांचा पण मेल येऊन पडलाय, मार्क कधी पाठवतेस, आणि यंदा बांधाच्या आत खारं पाणी किती आलं. माणूस तिकडे बसून आपल्या बांधाची चौकशी करतोय आणि तू ट्रकचे नंबर लिहितेस.

मग मी सरावाची फुकटची टेस्ट असते ती स्वतः दिली. हो, मी. घरी कोणी नव्हतं तेव्हा मोबाईलसमोर बसले आणि इंग्रजी बोलले. मशीन हसत नाही, सरांसारखं "बस" म्हणत नाही, नुसतं थांबतं. बोलायच्या आधी वरती सेकंदांचे आकडे उलटे पडत जातात, तेवढा वेळ विचार करायला असतो, गप्प बसलं तरी चालतं. हे मला माहीतच नव्हतं. शाळेत कोणी एवढा वेळ दिला असता तर मी अख्खा धडा वाचून दाखवला असता. चित्रात एक बाई कुत्र्याला फिरवत होती. मी म्हटलं, लेडी इज गोइंग, डॉग इज नॉट गोइंग. खरंच, कुत्रा अडून बसला होता. मार्क पडले पस्तीस. एकशे साठपैकी, ते मला माहितेय. पण आपल्याकडे पस्तीसला पास म्हणतात, तेव्हा मी पास झाले, कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

आणि खोली शोधली. कुठे? गोखिवऱ्याला, आमच्याच गाळ्यात. बाटल्यांची झाकणं मोजून पिशव्यांत भरते तिथे. रोज मशीनच्या आवाजात शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणूनच तर मला ती नोकरी आवडते. पण शुक्रवारी त्या लाइनीतले सगळे गाळे बंद असतात. मशीन बंद, ट्रक नाही, माणूस नाही. आणि आमच्या मालकीण पॉलिन मॅडमच्या केबिनला दार आहे. खरं, लाकडी, आतून कडी लागणारं दार. नेट आहे, इन्व्हर्टर आहे. फक्त मॅडमना विचारायचं होतं. दोन वर्षांत मी त्यांच्याशी "हो" आणि "नाही" याच्या पुढे गेले नव्हते. चार दिवस केबिनच्या बाहेर जाऊन परत आले. पाचव्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "काय गो, पगार वाढवून पाहिजे की लग्न ठरलं?" मी म्हटलं, मॅडम, माझ्या बहिणीला चीनला पीएचडीला जायचंय, तिला शुक्रवारी एक तास तुमची केबिन द्या, आणि त्या तासात तुम्ही पण आत यायचं नाही.   त्यांनी चावी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्याच केबिनीत मलाच बंदी! सांग तिला, पास झाली तर पहिला केक मला पाहिजे."

बाबांना पण सांगितलं. जेवताना. शुक्रवारी ताई टेस्ट देणार. बाबा म्हणाले, "देवाने एकदा नाय म्हटलंय ना?" मी म्हटलं, देवाने नाही, कॅमेऱ्याने म्हटलं. आई हसली, मग पटकन तोंडावर पदर घेतला. बाबा म्हणाले, "आता तू पन बोलायला लागलीस?" मी हो म्हटलं आणि भात वाढून घेतला. 

तर शुक्रवारी सकाळी धर्मादादा तुला कामणहून घेईल. पासपोर्ट तुझ्या निळ्या पिशवीत आहे, तो आण, ओळख दाखवायला लागतो. लॅपटॉप मी चार्ज करून आणते. तू आतून कडी लाव. बाहेर खुर्ची टाकून मी बसणार, आणि वॉचमन असो, मॅडम असो, कोणी आलं तर मी बोलून अडवणार. बायजाकाकी पण येणार आहेत. दही-साखर गेटच्या बाहेर, टेस्टच्या आधी, कॅमेरा चालू व्हायच्या आधी. ते तू घ्यायचंस, आणि घ्यायच्या आधी त्यांच्या पाया पडायचंस. हे मी विचारत नाहीये, सांगतेय.

कारण तो हात काकींचा नव्हता, ताई. माझा होता. काकींनी वाटी माझ्या हातात दिली होती, ती बसायच्या आत दे म्हणाल्या होत्या, आणि मला "ताई, थांब" एवढं पण बोलता आलं नाही. तू पिना लावल्यास आणि मी वाटी घेऊन पडद्याबाहेर उभी राहिले. आतून तुझा आवाज येत होता तोपर्यंत मी हलले नाही. मग तू एकदम गप्प झालीस. सरावात तू कधी गप्प झाली नव्हतीस. मला वाटलं, तू अडकलीस, वर्गात मी अडकायचे तशी, आणि आता मागून कोणीतरी हसेल. मला दुसरं काही सुचलं नाही, पिना काढल्या आणि दही-साखर घेऊन हात आत घातला. तू अडकली नव्हतीस. आकडे उलटे पडत होते, तू विचार करत होतीस. पस्तीस मार्कांची टेस्ट दिली तेव्हा मला ते कळलं. तू ओट्यावर ओरडत होतीस तेव्हा मी तोंड उघडणार होते, तर काकींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि सगळं स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. अठरा दिवस घेऊ दिलं. दही दिल्याचं मला वाईट वाटतं, पण त्याहून जास्त ह्याचं. काल मी काकींकडे जाऊन सांगितलं की ताईला सगळं लिहिणार आहे. त्या नको नको म्हणाल्या. मी ऐकलं नाही, आणि शुक्रवारी दही घेऊन यायला त्यांना राजी केलं. आता तू चिडणार, चीड, पण शुक्रवारी टेस्ट झाल्यावर चीड. तेव्हा मी तुला तोंडाने सॉरी म्हणणार आहे, मराठीत, पूर्ण वाक्यात, काकींच्या समोर. मध्ये मी गप्प झाले तर तू माझं वाक्य पुरं करायचं नाहीस. मी अडकलेली नसेन. विचार करत असेन. तेवढा वेळ दे.

तुझीच, आणि या वेळी दाराच्या बाहेरच राहणारी,
उन्नती