बॅटरीच्या उजेडात बघितलेलं बाळ

१ डिसेंबर, सोमवार

मीटिंगला तीन तास बसवलं आणि शेवटी काय, तर बॅटरी. आम्हा आशा सेविकांपैकी तिघींनाच दिली. बोटाएवढी, काळी, चार्जिंगची. "महिनाभर वापरा, मग अहवाल द्या. चांगली निघाली तर सगळ्यांना मिळेल," गटप्रवर्तक मॅडम म्हणाल्या. सोबत चार पानी फॉर्म. उजेड कसा, चार्ज किती टिकतो, पडली तर चालते का, बाळ तपासताना उपयोग झाला का. नाकापेक्षा मोती जड.

जुनी बॅटरी बंद पडून दोन वर्षं झाली. तीनदा लेखी दिलं. तेव्हा कोणाला पत्ता नव्हता. आता दिली ती पण गृहपाठासकट.

२ डिसेंबर

घरी तपासली. एकदा दाबलं की मोठा उजेड, दुसऱ्यांदा बारीक, तिसऱ्यांदा लुकलुक. लुकलुक कशाला? मी काय वरातीत नाचणार आहे? बंद करायला चौथ्यांदा दाबावं लागतं. म्हणजे दरवेळी लुकलुक बघूनच बंद करायची. ज्याने बनवली त्याला एकदा माझ्यासोबत फिरवा.

ओट्यावरून फरशीवर पाडली. चालते. फॉर्ममध्ये लिहिलं. कणगीच्या तळाला मारली, तळ लख्ख. खरं सांगायचं तर उजेड फार चांगला आहे. त्याचाच राग येतो. इतकी चांगली वस्तू होती तर इतकी वर्षं कुठे होती?

४ डिसेंबर

सकाळी पिशवीत बॅटरी नाही. हे घेऊन गेल्ते. पाइपाच्या व्हॉल्व्हात काही अडकलंय का ते बघायला. दुपारी आणली ती चिखलाने भरलेली, वर हसून राह्यले. "पाण्यात पडली तरी पेटून राह्यली ना. लिही तुझ्या फॉर्मात."

मी म्हटलं, ही बॅटरी माझी आहे. माझ्या कामाची आहे. तुमच्या व्हॉल्व्हाची नाही.

"एवढी काय तापली? बॅटरीच हाय."

हो, बॅटरीच आहे. तेरा वर्षांत माझ्या नावावर आलेली पहिली धड वस्तू आहे. चिखल धुऊन, पुसून पिशवीत तळाशी ठेवली.

पाण्यात पडूनही चालते, हे मात्र लिहिलं.

८ डिसेंबर, सोमवार

रुक्मिणबाईची सून वर्षा, दुसरं बाळंतपण, मुलगा. शनिवारचा जन्म. आज तिसरा दिवस, म्हणून पहिली भेट.

तीच खोली. खिडकीला पोतं, दाराला गोधडी, बाजेखाली शेगडी. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. पहिल्या नातीच्या वेळी मी ह्याच दारात भांडले होते. लेकरू उंबऱ्यापर्यंत तरी आणा, उन्हात रंग बघू द्या. आणवलं शेवटी. पण त्यानंतर म्हातारी चार महिने माझ्याशी बोलली नाही. हळदीकुंकवाला सगळ्या गल्लीला बोलावलं, मला वगळून.

आज तयारीनेच गेल्ते. पण म्हातारी हसली. "तुमच्याकडं नवी बॅटरी हाय म्हणं. मंग कशाला बाहेर? वारं लागंल. इथंच मारून बघा."

मारली. खोली दिवाळीसारखी उजळली. बाळ गुलाबी-पांढरं. उजेड तोंडावर येताच डोळे घट्ट मिटले, उघडेच ना. वजन २ कि. ६००. ताप नाही. श्वास ४६. नाळ कोरडी. रंग : ठीक.

वर्षा म्हणाली, "ताई, झोपतंय लई. उठवून पाजावं लागून राह्यलं."

म्हातारी म्हणाली, "गरीब लेकरू हाय. बापावर गेलंय."

मी पण हसले. चहा झाला. वीस मिनिटांत बाहेर. भांडण नाही, रुसवा नाही. फॉर्मात लिहिलं : बाळाला खोलीबाहेर न नेता संपूर्ण तपासणी करता आली.

९ डिसेंबर

मॅडमचा फोन. फॉर्मचा फोटो पाठवला होता तो बघितला. "अलकाताई, ते खोलीबाहेर न नेता वालं वाक्य एकदम भारी. मी वर तसंच्या तसं पाठवते." दहा मिनिटं बॅटरीवर बोलल्या. चार्ज कसा, बटण कसं. तिसऱ्या दिवसाच्या बाळाचं एका शब्दाने विचारलं नाही. माझा रजिस्टरचा प्रश्न होता, तो विचारायच्या आत "दुसरा कॉल येतोय".

१० डिसेंबर, बुधवार

पाचवी होती वर्षाकडे. तिची आई धावड्याहून आली. नातवाला तेल लावायचं म्हणून म्हातारीचं न ऐकता सरळ अंगणात उन्हाला घेऊन बसली. आणि तिथून ओरडली, "लेकराच्या अंगाला हळद लावली का काय?"

मला बोलवायला आले तशी पळत गेले. तळपायापर्यंत पिवळं. डोळे पिवळे. सकाळपासून दूध ओढत नाही. उचललं तर मान टाकतंय.

कावीळ.

गाडी बोलावली. वर्षा, तिचा नवरा, मी. जालन्यापर्यंत वर्षा एकच विचारत होती, "परवा तर चांगला होता ना? तुम्ही बघितलं ना, ताई?"

११ डिसेंबर

सकाळी घरी. डोळ्याला डोळा नाही.

बाळ निळ्या दिव्याखाली आहे. डोळ्यांवर पट्टी. डॉक्टर तरुण, आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "दोन दिवस आधी यायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी कोणी पाहिलं होतं?"

मी म्हटलं, मी.

"उजेडात?"

मी म्हटलं, बॅटरीच्या.

त्यांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. रक्त बदलावं लागेल म्हणाले.

उन्हात बघायचं असतं, हे मला माहीत नाही का? ट्रेनिंगमध्ये मीच उभी राहून सांगितलं होतं, दुसऱ्यांना. बाळ फार झोपतं, पीत नाही, ही खूण आहे, हे पण. वर्षाने माझ्या तोंडावर सांगितलं आणि मी हसले. हसले मी.

दुपारी घरात कोणी नव्हतं. मनगटावर हळद चोळली, धुतली, पुसली. दाराशी उन्हात धरली : पिवळी. दार लावून बॅटरी मारली, जवळून, मोठा उजेड : पांढरी. पुन्हा ऊन. पुन्हा बॅटरी. चार वेळा केलं. चारही वेळा तेच. ही खरी तपासणी. ही पहिल्या दिवशी करायची होती, तर मी कणगीचा तळ बघत बसले.

१३ डिसेंबर

रक्त बदललं. वर्षाच्या नवऱ्याने फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

मॅडमना सांगितलं, ते वाक्य मागे घ्या, मला फॉर्म बदलायचा आहे.

"वरून घाई होती, महिन्याआधीच गेला ना अहवाल. आणि ताई, तो काय बॅटरीचा दोष आहे का? बॅटरी तर चालली ना?"

चालली. तेच तर. ह्या बाईचं आजवर एक बोलणं मला पटलं नव्हतं आणि पटलं ते हे. जुनी बॅटरी आधी मिणमिणती, मग बंदच, म्हणून मला दारात भांडावं लागायचं. नवीने भांडण वाचवलं. मला तेच पाहिजे होतं. म्हातारीने पुन्हा चार महिने तोंड फिरवू नये, हळदीकुंकवाला मला वगळू नये. एवढ्यासाठी.

मॅडमना म्हटलं, दोष माझा आहे, पण दुसऱ्या आशांना बॅटरी द्याल तर त्या पण बाळ दाराबाहेर काढायचं सोडतील. हे लिहायचंय.

"त्याला रकाना नाहीये," म्हणाल्या.

१५ डिसेंबर

दळण घेऊन गिरणीवर गेले. मी शिरले तशा बायका आपापल्या डब्यांत वाकून बघायला लागल्या. मग एक जण बोललीच. रुक्मिणबाई गावभर सांगून राह्यली : आशाबाईनं बॅटरी मारून बघितलं, चांगलं हाय म्हणली, चहा पिऊन गेली, लेकरू मरायला टाकलं.

खोटं काय आहे त्यात? चहा पण खरा आहे.

घरी आल्यावर हे माझी बाजू घ्यायला लागले. "म्हातारीनंच गोधड्या लावून ठेवल्या. तुझा काय दोष? तिलाच इच्यार ना."

मी ताटली आपटली. म्हटलं, म्हातारीला ट्रेनिंग दिलं होतं का? तिला सरकारने पिशवी दिली होती का? माझी बाजू घेऊ नका, मला ती नको आहे. वड्याचं तेल वांग्यावर. बिचारे उठून बाहेर गेले, जेवले पण नाहीत.

म्हातारीचा राग येतो तो वेगळाच. दार कोणी लावलं, "इथंच मारून बघा" कोण म्हणालं, ते ती सांगत नाही. सांगणार पण नाही. आणि मी तरी कोणत्या तोंडाने सांगू?

१८ डिसेंबर

बाळ प्यायला लागलं. सिस्टरकडून कळलं, वर्षाकडून नाही.

२० डिसेंबर

नव्या फॉर्मची झेरॉक्स काढली. "बाळ तपासताना उपयोग" ह्या रकान्यात जागा नव्हती म्हणून समासात उभं लिहिलं : ह्या उजेडात कावीळ दिसत नाही, बाळ डोळे मिटतं, दारात दिवसाच्या उजेडात नेलंच पाहिजे, मी नेलं नाही. सही. मॅडमच्या टेबलावर ठेवून आले. त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय." घेतला म्हटलं.

सगळ्यांसाठीच्या बॅटऱ्यांची ऑर्डर वरून मंजूर झाल्याचं तिथेच कोणी तरी बोललं. खरं की खोटं, माहीत नाही. माझा कागद पुढे गेला की ड्रॉवरमध्ये, तेही माहीत नाही.

२३ डिसेंबर

धनगर वस्तीवर तिसऱ्या दिवसाची भेट. तिथेही तेच. सासरा दारात घोंगडी पांघरून. "बॅटरी हाय ना, बाई? मंग आतच बघा की जल्दी."

बॅटरी काढलीच नाही. उंबऱ्यावर बसले. म्हटलं, लेकरू इथं येईपर्यंत मी उठत न्हाई. पाऊण तास बसले. कुत्रं हुंगून गेलं. सासऱ्याने दोनदा ऐकवलं की असली हट्टी बाई बघितली न्हाई. शेवटी सासूने आणलं, तोंड वाकडं करून. उन्हात धरलं, नाकाचा शेंडा बोटाने दाबून कातडीचा रंग बघितला, तळवे बघितले, डोळे उघडायची वाट बघितली. चांगलं होतं.

पाऊण तास. तिकडे पाऊण तास बसले असते तर, हेच दिवसभर डोक्यात. चांगल्या बाळाचा आनंद पण होऊ दिला नाही मी स्वतःला.

२८ डिसेंबर, रविवार

वर्षा परवा घरी आली. आज गेले. जाऊ नको म्हणाले हे. भेट आहे, जावंच लागतं.

खिडकीचं पोतं काढलेलं. दार उघडं. वर्षा अंगणात बाजेवर, बाळ मांडीवर, भर उन्हात. रुक्मिणबाई मला बघून आत गेली. पाणी पण विचारलं नाही.

वजन २ कि. ८००. रंग चांगला. ओढतं चांगलं. लिहून घेतलं.

वर्षाने मान वर न करता विचारलं, "ताई, त्या दिवशी तुम्हाला दिसलंच न्हाई का?"

मी म्हटलं, "दारात आणलं असतं तर दिसलं असतं. तुझ्या सासूशी भांडायचा मी कंटाळा केला."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बाळाचं टोपरं नीट केलं. मग म्हणाली, "डॉक्टरनं सांगितलंय, तीन महिन्यांनी कान तपासा. इतकी कावीळ झाली की कानावर येती म्हणं. मी रोज वाटी वाजवून बघून राह्यले. कधी दचकतो, कधी न्हाई. मला कळंना."

तिने उशाची वाटी-चमचा माझ्या हातात दिला. "तुम्ही वाजवा. मी बघते."

बाळ झोपलेलं होतं. मी त्याच्या डोक्यामागे जाऊन वाजवली. काही नाही. जरा जोरात वाजवली. आतून रुक्मिणबाई दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा बाळाचा उजवा हात वर उचलला गेला आणि खाली आला. झोपेत हलवतात तसा. किंवा ऐकून हलवतात तसा.

"हलला ना, ताई?" वर्षा म्हणाली. "ऐकूनच हलला ना?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मला सांगता आलं नाही.