काकडीचा फेस

ती. आबा, लांबूनच पाया पडतो.

मी बरा हाय, जेवण वेळेवर होतं. इथं ग्रीसच्या हॉटेलात दही-काकडीचं काम माझ्याकडंच हाय. आई श्रीखंडाला टांगते तसं दही फडक्यात टांगायचं. त्यात किसून पिळलेली काकडी अन् लसूण घालायचा. म्हणजे आपली कोशिंबीरच, फक्त फोडणी नाय.

मळ्यात तुमी शिकवलंत तसं मी आधी काकडीचं टोक कापून घासतो, फेस काढतो. बाकीचे आचारी हसतात. इथली काकडी कडू नसतेच म्हणे. पण हाताची सवय जात नाय.

आईचा गुडघा चौक गावच्या डॉक्टरला दाखवला का?

आबा, निघताना ‘परत तोंड दाखवणार नाय’ बोललो होतो. तो नुसता फेस होता. टोकासकट फेकून द्या.

तुमचाच,
नवीन